रंग बदलला म्हणून डबा फेकू नका

घरात एखादा मोठा माणूस खेळणी जमवत असेल, तर हे त्याच्यासाठी आहे. आणि त्याच्या घरच्यांसाठीही आहे.

अमरावती-अकोल्याकडे अशी माणसं आता बरीच दिसतात. कोणी बँकेत आहे, कोणी मास्तर, कोणाचं औषधाचं दुकान आहे. संध्याकाळी हातपाय धुऊन बसतात आणि प्लॅस्टिकच्या विटांची गाडी जोडतात. कोणी हॉट व्हील्सच्या बोटभर गाड्या ओळीनं मांडून ठेवतो. कोणी आजोबांच्या वेळचा लाकडी नंदी पुसून पुन्हा देवघराशेजारी ठेवतो. यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही पत्ते कुटत नाही, उधारी करत नाही, घरात बसून हातानं काहीतरी करता.

पण एक दिवस येतो. नवीन पाकीट उघडता, आणि रंग वेगळा निघतो. नाव तेच, मापही तेच, रंग मात्र तो नाही.

तेव्हा काय करायचं, तेवढंच मला सांगायचं आहे.

आधी हे तुमच्या एकट्याच्या बाबतीत झालेलं नाही, एवढं लक्षात घ्या. लेगोच्या विटांचं उदाहरण जगभर गाजलं. २००४ च्या सुमाराला त्या कंपनीनं आपले दोन्ही राखाडी रंग आणि तपकिरी रंग बदलले. जुन्या राखाडीत थोडी पिवळसर, मातकट झाक होती. नव्या राखाडीत निळसर झाक आली. तपकिरी जरा तांबूस झाला. मुलांना काही वाटलं नाही. कंपनीचं म्हणणं होतं की लहान मुलांना आणि त्यांच्या आयांना विचारूनच नवे रंग घेतले.

मोठे मात्र फार दुखावले. वीस-वीस वर्षं विटा जमवलेली माणसं होती ती. त्यांनी किल्ले, रेल्वे स्टेशनं, अख्खी गावं बांधली होती. या विटांवर त्यांचा एक भरवसा होता. १९५८ ची वीट आजच्या विटेत बसते, म्हणून आज घेतलेलं उद्या वाया जाणार नाही, असा तो भरवसा. वीट अजूनही बसत होती, पण शेजारी लावली की भिंत ठिगळ लावल्यासारखी दिसायची. काहींनी रागानं पत्रं लिहिली. काहींनी पुन्हा विकत घेणार नाही अशी शपथ घेतली. काहींनी जुन्या रंगाचा उरलासुरला माल मिळेल त्या भावानं उचलला. आणि बरेच जण काही न बोलता नव्या रंगात बांधायला लागले.

आज वीस वर्षं उलटून गेली. नवा राखाडी तसाच टिकून आहे. जे पोरगं तेव्हा पाळण्यात होतं त्याला तोच खरा राखाडी वाटतो.

माझ्या एका मित्राचा मुलगा चाळिशीला आलेला आहे. लहानपणी अमेरिकेतल्या आत्यानं दिलेले दोन डबे त्यानं जपून ठेवले होते. नोकरी लागल्यावर त्यानं नवे घेतले. मागच्या पावसाळ्यात त्यानं गाविलगड बांधायला घेतला. चिखलदऱ्याला गेलात तर तो किल्ला तुम्ही पाहिला असेल. दिल्ली दरवाजा, त्यावरचे कोरलेले सिंह, पुढं लांबच लांब गेलेला तट. पोरानं तटाच्या सात ओळी जुन्या राखाडीत लावल्या. आठव्या ओळीला जुन्या विटा संपल्या. नव्या लावल्या आणि दोन पावलं मागं सरला.

"काका, भिंतीले पाणी लागल्यासारखं दिसते," तो मला म्हणाला.

खरंच तसं दिसत होतं. खाली जुन्या तांदळाच्या पिठाचा रंग, वर पाटीचा. त्याचं मन एकदम उतरलं. आख्खा तट मोडून डब्यात भरायला निघाला. त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढा बाप्या झाला, अन् खेळण्यापायी रडते."

बायांनो, माझं पहिलं मागणं तुमच्याकडं आहे. असं बोलू नका. त्या माणसाला खेळण्याचं दुःख नसतं. त्या दोन डब्यांमध्ये आत्या असते, सातवी-आठवीचा उन्हाळा असतो, वडिलांनी पलंगाखाली ठेवायला दिलेली जागा असते. नवीन वीट त्या रंगाची नसली की ते सगळं एका बाजूला पडतं आणि आपण दुसऱ्या बाजूला. तुम्ही आपल्या आईच्या पैठणीला जोड शोधायला दुकानातून फिरलात तेव्हा तुम्हालाही हेच झालं होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, हाच रंग." तुम्हाला ठाऊक होतं, हा तो नाही.

आता तुमच्याकडं वळतो, जमवणाऱ्याकडं.

त्या दिवशी काही करू नका. मोडू नका, फेकू नका, विकू नका, घेऊ नका. रात्री ट्यूबलाइटखाली रंग बघून काही ठरवू नका. ट्यूबलाइट निळसर दाखवते, पिवळा बल्ब पिवळं दाखवतो. सकाळी नऊच्या सुमाराला खिडकीशी जा. पांढऱ्या कोऱ्या कागदावर जुना आणि नवा तुकडा शेजारी ठेवा. ऊन थेट पडू देऊ नका, नुसता उजेड पाहिजे. मग बघा. अर्ध्या वेळा फरक वाटला तेवढा नसतो.

आणि उरलेल्यातही थोडा विचार करा. नवा बदलला की जुना? प्लॅस्टिक उन्हानं पिवळं पडतं. पांढऱ्यावर ते चटकन दिसतं, राखाडी आणि निळ्यालाही लागतं. तुमची कपाटावरची गाडी दहा उन्हाळे खिडकीसमोर होती. कंपनीनं काही केलेलं नसेल, आपल्या वऱ्हाडातल्या उन्हानंच केलं असेल. तुकडा उलटा करा. खालची बाजू, आतली बाजू, जिथं उजेड पोचला नाही तिथं खरा रंग असतो.

आपल्याकडचं ऊन साधं नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर त्याहून पुष्कळ जास्त. तिथं खेळणी ठेवू नका. बंद गाडीत ठेवून लग्नाला जाऊ नका. भिंतीतल्या कपाटात, खालच्या खणात, अंधारात ठेवा. कूलरच्या झोतातही नको. पुठ्ठ्याचे खोके ओलावा धरतात आणि बुरशी येते. लाकूड फुगतं.

धुवायचं असेल तर कोमट पाण्यात, थोड्या साबणानं धुवा. लेगोच्या विटांना चाळीस अंशांवरचं पाणी चालत नाही. लक्षात असू द्या, उन्हाळ्यात दुपारी आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणीच त्याहून गरम असतं. सकाळचं पाणी घ्या. वाळवायला सावलीत, सुती कपड्यावर. गच्चीवर कुरड्या-पापडांच्या शेजारी मांडू नका.

आता वेगळं करा. जुने एका डब्यात, नवे दुसऱ्यात. फरसाणाचे रिकामे डबे पुरतात. आत एक चिठ्ठी टाका: कधी घेतले, कुठून घेतले, कोणी दिले. आज तुम्हाला आठवतं म्हणून लिहायचा कंटाळा कराल. दहा वर्षांनी आठवणार नाही, आणि तुमच्या मुलाला तर काहीच कळणार नाही. एकदा मिसळलेले राखाडी तुकडे निवडायला बसणं म्हणजे तुरीच्या डाळीतून हरभऱ्याची डाळ निवडणं आहे. डोळे जातात.

मित्राच्या मुलाला मी तट मोडू दिला नाही. आम्ही असं केलं. जुना रंग जिथवर पुरतो तिथवर एक बुरूज धरला. बुरुजाच्या कोपऱ्यावर रंग बदलला. ओळीच्या मध्ये बदलला की ठिगळ दिसतं, कोपऱ्यावर बदलला की उजेड-सावलीचा फरक वाटतो. वीटकाम करणारा गवंडीही हेच करतो. भट्टी बदलली की तो नवी वीट कोपऱ्यापासून धरतो, भिंतीच्या छाताडात घालत नाही. पोरगं मग जरा हसलं. म्हणालं, खऱ्या गाविलगडाचा तट तरी कुठं एका रंगाचा आहे? पावसाची बाजू काळी, उन्हाची बाजू भुरकट. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या तोफांनी तो फोडला, ती जागा आणखी निराळी.

हे फक्त परदेशी विटांचं आहे असं समजू नका. आपल्या घरात हे कधीचं आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. पोट्टे लाकडी नंदी दोरीनं ओढत घरोघरी जातात, आपण त्यांना बोजारा देतो. हे पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगावं लागतं, तुम्हाला नाही. नंदी सुतारानं केलेला असतो. त्याचा रंगही त्या सुताराचाच. कोणी पांढरा करतो, शिंगं लाल. कोणी नुसतं पॉलिश मारतो. कोणी डोळे काळ्या रंगानं असे काढतो की बैल तुमच्याकडं बघतोच आहे. मग एक वर्ष सुताराचा मुलगा काम हाती घेतो, आणि नंदी सोनेरी होऊन येतो.

आमच्या घरचा नंदी सागवानी होता. आजोबांनी करवून घेतलेला. अंग पांढरं, शिंगं लाल, पाठीवर झूल रंगवलेली. दोरी बांधून बांधून गळ्याखाली बोटभर खाच पडली होती. माझा मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा मी तो नंदी खाली काढला. रंग पोपडे धरून निघत होता. मी हार्डवेअरच्या दुकानातून तेलरंगाचे दोन डबे आणले. आधी पॉलिश पेपरनं घासघासून घासला. मग झगझगीत पिवळा मारला. चांगलं करतो आहे असंच मला वाटत होतं. वडील संध्याकाळी आले. नंदीकडं पाहत राहिले. "हा आपला नाही वाटत," एवढंच म्हणाले आणि चहाला बसले. त्यानंतर ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत. मला मात्र ते वाक्य अजून ऐकू येतं.

म्हणून सांगतो. जुन्यावर नवा रंग मारू नका. नवा तुकडा जुन्यासारखा दिसावा म्हणून जुन्याला हात लावायचा नाही. जुनं पोपडलं असेल तर पोपडलेलं राहू द्या. नवीन खेळणं नवीन रंगाचं घ्या, नव्यानं रंगवा, पोरांना तेच खेळू द्या. जुनं कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि ठेवा.

यात दुसरी गोष्टही आहे, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. मी तो नंदी घासला तेव्हा बारीक धूळ उडत होती, आणि मुलगा शेजारी बसून पाहत होता. जुन्या तेलरंगांमध्ये शिसं असायचं. शिसं लहान मुलाच्या डोक्याला इजा करतं, आणि ती इजा भरून येत नाही. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला आता ठाऊक आहे. आपल्या देशात घरगुती रंगांमधल्या शिशावर कडक मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, दहा लाख भागांत फक्त ९० भाग. त्याच्या आधीचा रंग असलेलं खेळणं घासू नका, खरवडू नका, तोंडात घालणाऱ्या बाळाच्या हाती देऊ नका. नवा रंग घेताना डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलं आहे ते दुकानदाराकडून वाचून घ्या.

यावरून एक लक्षात येईल. रंग बदलणारा प्रत्येक कारागीर किंवा कंपनी तुमच्या मनाशी खेळत नसते. कधी पहिला रंग मिळेनासा होतो. कधी महाग होतो. कधी तो वाईट असतो. लेगोच्या फार जुन्या लाल आणि पिवळ्या विटांमध्ये कॅडमियम असलेले रंग वापरले जायचे. तो चमकदार लाल मोठ्यांना अजून आवडतो, पण ते बंद झालं हे बरंच झालं. २००७ मध्ये मॅटेल या अमेरिकी कंपनीला शिशाच्या रंगापायी लाखो खेळणी दुकानांतून परत घ्यावी लागली. तेव्हा रंग बदलला नसता तर काय झालं असतं, ते कोणत्याही आईला विचारा.

म्हणून रागावण्याआधी विचारा, का बदलला? आणि आयएसआयची खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती लागते, माल बाहेरून आलेला असला तरी. नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून गावच्या सुताराच्या नंदीवर ती खूण नसेल. त्याला मग तोंडानंच विचारा, कोणता रंग लावला, डबा दाखव. चांगला कारागीर आनंदानं दाखवतो.

पैशाबद्दल आता थोडं कडक बोलतो.

रंग बंद झाला की बाजारात एक अफवा सुटते. आता हे मिळणार नाही, घ्या लवकर. मोबाइलवर फोटो येतात. जुना रंग, दुर्मिळ, शेवटचा नग. तुमचा हात थरथरतो. मी एका माणसाला मुलीच्या शिकवणीच्या फीचे पैसे अशा एका डब्यात घालताना पाहिलं आहे. डबा आला तो नव्या रंगाचा. फोटो पिवळ्या बल्बाखाली काढलेला होता, म्हणून जुना वाटला.

तेव्हा असं करा. विकणाऱ्याला सांगा, तुकडा पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात, आजच्या वर्तमानपत्राशेजारी ठेवून फोटो पाठवा. जो टाळतो त्याला सोडा. पूर्ण पैसे आधी पाठवू नका. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. कोणी मागितला तर फोन ठेवा. फसलात तर लाजून घरात बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या मदतीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर फोन लावा. जितका उशीर तितके पैसे लांब जातात. आणि महिन्याला या छंदावर किती खर्च करायचा ते आधीच घरात बोलून ठरवा. रंग बदलला म्हणून तो आकडा बदलायचा नाही.

ज्यांच्याकडं दुकान आहे त्यांनाही सांगतो. अमरावतीच्या राजकमल चौकात असो की अकोल्याच्या गांधी रोडवर, गिऱ्हाइकाला "सगळं एकच आहे" म्हणू नका. दोन्ही पाकिटं काउंटरवर ठेवा. माणूस फरक पाहील आणि घेईल. खोटं सांगून दिलेलं परत येतं, आणि माणूस येत नाही.

कंपनीला लिहायचं असेल तर जरूर लिहा. शिव्या लिहू नका, त्या कोणी वाचत नाही. पाकिटावरचा नंबर लिहा, कुठून कधी घेतलं ते लिहा, जुना-नवा शेजारी ठेवून एकाच उजेडात काढलेला फोटो जोडा. आणि एक साधं वाक्य लिहा: पुढच्या वेळी बदलणार असाल तर आधी सांगा. लेगोवाल्यांना त्या वेळी अशी बरीच पत्रं गेली. पुढं २००५ मध्ये त्यांनी मोठ्या माणसांच्या मंडळांशी बोलण्यासाठी त्यांच्यातलेच प्रतिनिधी घ्यायला सुरुवात केली, आणि २०२० पासून तर डब्यांवर १८+ असं छापून मोठ्यांसाठी वेगळे संच काढले. म्हणजे मोठी माणसं खेळतात हे आता ते उघड मानतात. जुना राखाडी काही परत आला नाही. ऐकलं मात्र गेलं.

ती कंपनीही मुळात एका सुताराचीच. डेन्मार्कमधल्या बिलुंड नावाच्या गावात ओले कर्क क्रिश्चियनसेन या सुतारानं १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली होती. म्हणजे आपल्या नंदीवाल्याची आणि त्याची जात एकच.

तेवढ्या लांब पत्र पाठवायची सोय असते, पण गल्लीतल्या सुताराशी बोलायला आपण विसरतो. तुम्हाला जुन्या रंगाचाच नंदी पाहिजे असेल तर पोळ्याच्या आठवडाभर आधी जाऊन "काहून बाप्पा, रंग बदलवला?" म्हणून भांडू नका. त्या वेळी त्याच्या अंगणात शंभर नंदी वाळत असतात, त्याला तुमच्याकडं बघायला फुरसत नसते. उन्हाळ्यात जा. जुना नंदी कापडात गुंडाळून सोबत न्या, मोबाइलमधला फोटो नव्हे. त्याला हातात घेऊ द्या, उलटा करू द्या. थोडे पैसे आधी द्या. आणि भाव करू नका, कारण एकट्या तुमच्यासाठी त्याला वेगळा रंग कालवावा लागणार आहे.

मी मागच्या मे महिन्यात तसा गेलो होतो. आमचा पिवळा नंदी घेऊन. सुतारानं तो आडवा केला, चाकांच्या मधून पोटाखाली बोट फिरवलं आणि अंगणात उजेडाला नेला. तिथं, जिथं माझा ब्रश त्या वेळी पोचला नव्हता, अंगठ्याएवढा पांढरा रंग शिल्लक होता. थोडा सायीसारखा. मला इतकी वर्षं तो दिसला नव्हता.

"याचा मेळ लावून देतो," तो म्हणाला. "पण या नंदीले हात लावत नाही. तुमच्या नातीसाठी दुसरा करतो."

मी दोनशे रुपये आगाऊ दिले आणि नंदी पुन्हा कापडात गुंडाळला.